तांब्याची नळी

फ्रिजवाल्या तय्यबकडून मागून आणली
हातभर तांब्याची नळी.
एक टोक व्हाइसमध्ये दाबून चपटं केलं,
भोक पाडलं आठचं,
आणि इंजिनच्या ब्लॉकवर, मधल्या सिलेंडरशेजारी,
एका बोल्टाखाली कसून टाकलं.
दुसऱ्या टोकाला रबरी पाइप.
पहिला माशांच्या टाकीचा होता, पारदर्शक;
इंजिन तापल्यावर आतड्यासारखा लोळला.
मग बुधवारी जुन्या बाजारात गेलो,
काळा, जाड, दोन मीटर मिळाला.
विकणाऱ्यानं विचारलं, कशाला?
म्हटलं, ऐकायला.
त्यानं पाच रुपये कमी केले.

पाइप बॉनेटच्या फटीतून निघून
डाव्या खिडकीतून आत येतो,
आणि आत त्याला जोडलेत
फोर्जिंग शॉपचे पिवळे इअरमफ,
निवृत्तीच्या दिवशी जमा करायचे राहून गेलेले.
एकतीस वर्षं घातले
ऐकू येऊ नये म्हणून.
परवा त्यांनाच गिरमिटानं भोक पाडलं.
तरी डावा कान भोसरीतच राहिला.
तो ग्रॅच्युइटीत धरला नव्हता.

हेमलता म्हणाली,
दारची बेल वाजलेली कळत नाही तुम्हाला
आणि इंजिनच्या पोटातलं ऐकणार.

पण तो आवाज होताच.
चढाला, तिसऱ्या गिअरमध्ये, पाय दाबला की
स्टीलच्या ताटलीत कुणी चिंचोके टाकल्यासारखा.
नाना पेठेतला जमशेद म्हणाला, काका,
सत्त्याण्णवची गाडी, वाजणारच.
नव्या गाड्या कान घेऊनच जन्मतात,
कॉम्प्युटर ऐकतो, स्वतःच टायमिंग मागे घेतो,
मालकाला पत्ता लागत नाही.
मी घरी येऊन व्हाइस साफ केला.

रविवारी पहाटे बोपदेव घाट.
गाडी तीच चालवते; पन्नाशीत शिकली,
धनकवडीतल्या क्लासच्या मास्तरला घाम फोडून.
येवलेवाडीत चहा झाला, मी कान चढवले.

जग बंद झालं. म्हणजे
सायकलवाले, हॉर्न, तिच्या बांगड्या, सगळं.
आत एक शिंपी बसला होता, टॅपेटचा,
बारीक टीप घालणारा.
त्याच्या खाली पाण्याच्या पंपाची घरघर,
आणि फार खोल, दुसऱ्या वळणावर,
ट. टट. ट.
चिंचोके नव्हेत. नखं.
कुणीतरी आतून नखानं लोखंड वाजवत होतं.
तिचे ओठ हलले.
मी बोट वर केलं, थांब, ऐकतोय.
पुन्हा हलले. पुन्हा बोट.

वर पोचल्यावर बॉनेट उघडलं,
बाराच्या पान्यानं डिस्ट्रिब्युटर सैल केला,
तांदळाच्या दाण्याइतका मागे फिरवून
आवळला. हात भाजला. कुठूनसा जळका वास आला,
मी म्हटलं, क्लच.
ती माझ्या उजव्या बाजूला आली,
ओरडली नाही, पण एकेक अक्षर सुटं ठेवून:
हँडब्रेक. दोन दात वर राहिलाय.
त्याचं बटण मला दाबत नाही,
खालपासून सांगतेय.

पुन्हा खाली, पुन्हा वर, ब्रेक पुरता खाली.
नखं गेली.
नुसता शिंपी, त्याची एकसारखी टीप,
पार अंजिराच्या बागांपर्यंत.

घरी वहीत लिहिलं, तारीख घालून:
टायमिंग दोन अंश मागे. ठोका बंद.
संध्याकाळी चष्मा शोधताना वही उघडी दिसली.
खाली पेन्सिलीनं, तिच्या अक्षरात,
प्रश्नचिन्ह नाही, काही नाही, एकच शब्द:
हँडब्रेक.

कुठलं खरं ते कळायला
टायमिंग परत पुढे आणून
तोच घाट चढावा लागेल.
नळी काढलेली नाही.
पुढच्या रविवारी तिला वेळ नाही म्हणते,
म्हणजे बहुधा असंच म्हणाली.